चौदा ढाली

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या आमच्या गावच्या बँडच्या वेबसाइटवर सतरा फोटो होते: चौदा जिंकलेल्या ढालींचे, दोन महापौरांचे आणि एक वाजवणाऱ्यांचा, तोही पाठमोरा. वाजवणारे उरले होते अकरा. मेअखेर पंधरा झाले नाहीत, तर सरावाचा हॉल आमच्या हातून जाणार होता.

वेबसाइट बनवणं हा माझा धंदा आणि बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणं हा माझा जीव. मी सगळे फोटो काढून टाकले आणि तिथे सरावाचं एक ध्वनिमुद्रण टाकलं. त्यात आमचे बँडमास्तर, ओडिलोनकाका, भलत्याच जागी इशारा करतात, अर्धा बँड वाट चुकतो आणि सगळे खदखदून हसतात.

काका लालबुंद झाले. "चाळीस वर्षांची अब्रू माझी, आणि तू गावाला माझी चूक ऐकवतेस, वेर्ले?"

"काका, ढाली बघून लोक बिचकतात. हे ऐकून येतील."

"येतील ना! तमाशा बघायला!"

मंगळवारी काका हॉलच्या दारात उभे होते. वाद्य घेऊन आलेल्या प्रत्येक नव्या माणसाचा हात धरून ते सांगत होते, "ती चूक माझी बरं का! माझी!"

त्या संध्याकाळी आम्ही एकोणीस जणांनी सराव केला.