शंभर टक्के वेळेवर

टॉवरमध्ये पेढे वाटत होते. सलग दुसऱ्या वर्षी कंपनीने एकही विमान उशिरा उतरवलं नव्हतं.

कंट्रोलर सुलभा चौबळने पेढा नुसताच हातात धरला. तिचा नवरा आणि लेक ज्यात होते, ते विमान गेल्या वर्षी सहा मिनिटं उशिरा पोचलं, म्हणून टॉवरच्या वेळ पाळणाऱ्या यंत्राने त्याला उतरूच दिलं नव्हतं. विमानं आता उन्हावर चालायची, त्यामुळे इंधन संपायचीही सोय नव्हती. ते आपलं घारीसारखं डोक्यावर फिरत होतं. जेवणाचे डबे ड्रोन पोचवायचे.

"साहेब, आज वर्ष संपलं. आता तरी उतरवा हो."

"अहो सुलभाताई, नव्या वर्षाची बोहनीच उशिराने करायची?" साहेब पेढा चघळत म्हणाले. "उशीर उतरल्यावर मोजतात. वर आहे तोवर ते वेळेवरच आहे!"

तिने हेडफोन लावला.

"काय म्हणाले गं?" वरून नवऱ्याने विचारलं.

"बघू म्हणाले."

"बरं. रेवूचे बूट लहान झालेत. डब्याबरोबर एक नंबर मोठे पाठव."

संध्याकाळी दुकानात सुलभाने एक नंबर मोठे बूट उचलले, परत ठेवले, आणि चार नंबर मोठे घेतले.