हातातून सुटलेली काठी

आपल्याच आईच्या तोंडावर दार लावून घेणारं पोर आपण जन्माला घातलं, याचा म्हातारीला सगळ्यात जास्त राग होता. बाप गेल्याचं दुःख काय एकट्या त्यालाच झालं होतं? तिचा तर नवरा गेला होता. तरी ती सकाळी उठून केस विंचरत होती, भेटायला येणाऱ्यांशी चार शब्द बोलत होती. हा मात्र कारखान्यात शिरून आतून कडी घालायचा. भूक नाही, एवढं बायकोला तरी सांगायचा. आईला तेवढंही नाही. आई समोर आली की नजर चुकवायचा.

आज सुनेनं येऊन हळूच सांगितलं, की ते गळाच्या तयार काठ्यांचं बूच सोलून काढताहेत. गिऱ्हाइकांच्या काठ्या, गुंडाळून पाठवायच्याच राहिलेल्या. सुनेचे डोळे भरून आले होते. आधी तोंड धुऊन ये, रडायचं ते मी सांगेन तेव्हा रड, असं म्हणून म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली.

कारखाना म्हणजे घरामागची लांबट खोली. तिनं दार वाजवलं नाही. "उघड," एवढंच म्हणाली. लहानपणी तो न्हाणीघरात कोंडून घ्यायचा तेव्हा ज्या आवाजात म्हणायची, त्याच आवाजात. कडी निघाली.

भिंतीला गळाच्या काठ्या टेकवलेल्या होत्या. बारीक, पोकळ, शेंड्याकडे निमुळत्या. दोरा ओवायच्या कड्या रंगीत धाग्यानं घट्ट बांधलेल्या. अशा काठ्या बाजारात पुष्कळ मिळतात. पण याच्या काठीला मुठीशी बुचाचा जाड दांडा असायचा, आणि रीळ चढवलेली काठी बोटीतून पाण्यात पडली तरी मूठ वर काढून तरंगत राहायची. खोलीतल्या लांब टाकीत टाकून बघितल्याशिवाय एकही काठी त्यानं कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती.

आता जमिनीवर बुचाचा चुरा पसरला होता. त्याच्या मांडीवरच्या काठीची मूठ हाडासारखी उघडी पडली होती. टाकीच्या तळाशी आणखी तीन-चार निजल्या होत्या.

बुडतायत का ते बघतोयस होय, तिनं विचारलं. तो सुरी चालवत राहिला. लोक तरंगणारी काठी मागतात आणि तू त्यांना बुडणारी देणार, मग सरळ लोखंडाच्या पहारीच वीक की, ती म्हणाली. मेहनत तरी वाचेल.

त्यानं सुरी खाली ठेवली.

"ती बुडाली असती तर बाबा घरी आले असते."

मासे धरायला नेणाऱ्या बोटवाल्यानं सगळ्यांना सांगितलं होतं ते असं, की म्हाताऱ्याच्या हातातून काठी सुटली. लेकानं करून दिलेलीच. ती हातभर लांब तरंगत होती, म्हणून धरायला वाकला आणि तोल गेला. पाणी गार, पायात जड बूट. बोट वळेपर्यंत उशीर झाला होता. काठी मात्र मूठ वर काढून तिथंच होती.

म्हातारी खोक्यावर बसली. बोटवाल्यानं तिला एकटीला वेगळंच सांगितलं होतं, दारात उभं राहून, मान खाली घालून. हे पुन्हा कुणाजवळ बोललास तर याद राख, असा तिनं त्याला दम भरला होता. मेलेल्या माणसाला लोकांनी हसावं हे तिला चालणार नव्हतं. नवऱ्याला हसायचा हक्क आयुष्यभर तिनं एकटीनं राखला होता.

टाकीतल्या पाण्याकडे बघत ती बोलायला लागली. तुझ्या बापानं पाण्यात काय थोड्या काठ्या घालवल्या? घरी येऊन "गेली" म्हणायचा आणि चहा मागायचा. माझ्या भावानं दिलेली, चांगली भारीतली, तीसुद्धा अशीच गेली. कधी मागं वळून बघितलं नाही त्यानं.

"आणि ही काही सुटली नव्हती. टाकली होती त्यानं."

मुलानं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

त्या दिवशी बोटीत एक नवखा माणूस होता. काठी तरंगते हे त्याला पटेना. म्हाताऱ्याचं हे नेहमीचंच होतं. बोटीत नवीन कुणी दिसलं की तो काठी पाण्यात सोडून द्यायचा, आणि मूठ वर आली की पाण्याकडे नाही, माणसांच्या तोंडाकडे बघत बसायचा. माझ्या पोरानं केली, म्हणायचा. मग बोटवाला बोट वळवून काठी काढून द्यायचा. त्या दिवशी म्हाताऱ्याला तेवढा दम निघाला नाही.

"बाबा असं म्हणायचे?" मुलानं विचारलं. "मला तर कायम, मूठ जाड झालीय, एवढंच."

ती उठली, बाही न सावरताच टाकीत हात घातला, तळाची एक काठी बाहेर काढली आणि तशीच निथळती त्याच्या मांडीवर ठेवली.

"मूर्खपणा त्याचा होता. त्याचं मी त्याच्याशी बघून घेईन. तू बूच बसव."