मशीनची ट्रायल

बारा वर्षं कुऱ्हाडीनं लोकांची झाडं छाटल्यावर रूपसिंगनं फांद्यांचा भुसा करणारी मशीन घ्यायचं ठरवलं. लहान घ्यावी की मोठी, ते कळेना. म्हणून दुकानाचा माणूस दोन्ही मशिनी टेम्पोत घालून दारव्ह्याला शीलाताईंच्या बंगल्यावर ट्रायलला घेऊन आला.

"अंगणात एक काडी राहिली नाही, तर अख्ख्या कॉलनीचं काम तुम्हालाच," असं सांगून शीलाताई आत जाऊन आडव्या झाल्या. रूपसिंग कडुलिंबावर चढला.

त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि लोकांनी ती उभीच्या उभी नांगरून टाकली. चुलीत घालायला कुणाकडेच पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं, उरली नव्हती. पहिली फांदी पडली, तशा फाटकाशी चार-पाच बाया येऊन थांबल्या.

"भाऊ, नेऊ काय?"

रूपसिंगला नाही म्हणवलं नाही.

तो खाली उतरला तेव्हा अंगण झाडून काढल्यासारखं दिसत होतं. शेवटचा भारा डोक्यावर घेऊन त्याचीच बायको, रुपीबाई, फाटकाबाहेर पडत होती.

"मंग, लहान ठेवू का मोठी?" दुकानाच्या माणसानं विचारलं.

"टाकाले काहीच नाही राह्यलं," रूपसिंग म्हणाला आणि दोन्ही मशिनींकडे नुसता पाहत उभा राहिला.

तेवढ्यात शीलाताई डोळे चोळत बाहेर आल्या. त्यांनी अंगणभर नजर फिरवली.

"मशीन छान आहे हो तुमची. एवढासुद्धा आवाज आला नाही."