सुधारलेलं बदक

माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. ते मिळालंच नाही असं समजून पुढे वाचा. मी स्पर्धेत उतरलोच नव्हतो. तळ्याची देखभाल बघणाऱ्या कार्यालयात तक्रार केली होती: तिथल्या एका रानबदकाच्या चोचीवर प्लास्टिकचं कडं अडकलंय, चोच उघडत नाही, ते उपाशी मरतंय. पुरावा म्हणून फोटो जोडला. कार्यालयातल्या डिझायनरनं तो ‘सुधारला’: पाणी निळं केलं, कडं पुसलं आणि फोटो कार्यालयाच्याच छायाचित्र स्पर्धेत ढकलला. माझं डोकं फिरलं. तिथल्या साहेबांना गाठलं. त्यांनी भिंतीवरची त्याच फोटोची फ्रेम दाखवली. “कुठंय कडं? किती गोड दिसतंय बघ!” “अहो, तळ्यातलं बघा की!” “अरे बाळा, तक्रारीला फोटोच जोडला होतास ना? फोटोतलं गेलं. तक्रार मिटली.” म्हणून दुसरा अर्ज: सदर डिझायनरास माउससह तातडीने तळ्यात उतरवून खऱ्या बदकाच्या चोचीवरील कडेही पुसून घेण्यात यावे, ही नम्र विनंती.