टीनाचं पान

हिरवं बटण दाबण्याआधी केवलरामनं बोट शर्टाला पुसलं. हिमांशूनं आपली खुर्ची मुद्दाम मागं ओढून घेतली होती. बाबांना कसलीही मदत करायची नाही, असं टीनानं त्याला सक्त बजावलं होतं.

टीना ही केवलरामची पोरगी. दवनीवाड्याची, आता कबड्डीच्या लीगमध्ये पुण्याच्या एका संघाकडून पगारावर चढाया करते. तिची वेबसाइट आधीही होती, पण ती दोन वर्षांपूर्वीच्या सामन्यावर अडकून पडलेली, कारण एक अक्षर बदलायचं तरी बनवणाऱ्याच्या विनवण्या कराव्या लागत. म्हणून या वेळी सगळं काम नागपूरच्या कंपनीला द्यायचं तिनं जवळजवळ ठरवलं होतं. तिथं केवलराम मधे पडला. पोरीला खेळातलं तो काय शिकवणार? मैदानं लांब, सामने लांब. तिच्या खेळातलं एवढं एक काम तरी आपल्या हातून व्हावं, असं त्याला फार वाटत होतं. मग टीनानं अट घातली. एक सामना बाबांनी एकट्यानं वेबसाइटवर चढवून दाखवला तर पान त्यांच्याकडं, नाहीतर नागपूरकडं.

हिमांशूचं गोंदियाच्या बाजारात सातबारा आणि दाखले काढून द्यायचं दुकान, आणि जोडीला वेबसाइट बनवायचा धंदा. त्यानं ही अट मनावरच घेतली. सरकणारे फोटो काढले, इंग्रजी काढलं, नाचणारी अक्षरं काढली. उरले मराठीतले चार रकाने: तारीख, कोणाशी, निकाल आणि ‘सामन्याबद्दल’. खाली एक हिरवं बटण. शेवटच्या रकान्यात जे लिहाल ते पहिल्याच पानावर, टीनाच्या फोटोखाली, ठळक अक्षरांत दिसणार. इतकं सोपं काम करायला आपल्याला तीन आठवडे लागले, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत असे.

कालच्या सामन्याचं टीनानं फोनवर सांगितलेलं केवलरामनं कागदावर टिपलं होतं. खिशातून तो कागद काढून त्यानं सगळं एका बोटानं उतरवलं होतंच. आता बटण दाबलं. पान क्षणभर थांबलं आणि नवं झालं. तारीख बरोबर. निकाल बरोबर. हिमांशूला हसू फुटलं, आणि खालचा मजकूर वाचेपर्यंतच टिकलं.

पहिली ओळ होती, ‘मंजू: पकडी तीन, गुडघा दुखत असताना.’ मग दुसरीचं नाव, तिसरीचं, चौथीचं, जिच्या तिच्या गुणांसकट. त्याखाली, ‘रीता: काल उतरवली नाही. तयार होती.’ आणि सगळ्यांच्या खाली, एकटं, ‘टीना: अकरा गुण.’

“काकाजी, हे टीनाचं पान आहे,” हिमांशू म्हणाला. “टीना सबसे ऊपर पाहिजे ना.”

केवलराम गोंधळला. गावच्या तलावाचं पाणी सोडायचं काम त्याच्या घराकडं आजोबांपासून चालत आलेलं. ज्याच्या हातात पाणी, त्याच्या घरची धानाची बांधी सगळ्यांत शेवटी भिजायची, ही त्या घरची रीत. एका वर्षी घरचं धान पिवळं पडलं, तरी बापानं ती मोडली नव्हती. वाटून द्यायचं काम हातात आलं की आपलं माणूस शेवटी, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“आपल्याच हातानं आपल्याच पोरीचं नाव पयलं कसं लिहू?” तो म्हणाला.

“पण लोक तिलाच पाहायला येतात.”

“येऊ दे ना. खाली येतीन.”

हिमांशूनं कपाळाला हात लावला. बदलायला मिनिटभरही लागलं नसतं, पण बदलायचं की नाही यावरच दोघांचे चहा निवले. तेवढ्यात टीनाचा फोन आला. स्पीकरवर टाका म्हणाली. दाखल्यांसाठी ताटकळलेली चार-पाच माणसंही कान देऊन ऐकू लागली.

“बाबा, हे तुमी लिहिलं?”

केवलरामचा चेहरा उतरला. पान नागपूरला गेलंच, असं त्यानं मनोमन धरलं. “हो. चुकलं असन तर मिटवून टाकतो.”

टीना सांगू लागली. सराव संपवून सगळ्या पोरी तिच्या फोनभोवती गोळा झाल्या होत्या. रीतानं आपली ओळ तीनदा वाचली, त्या ओळीचा फोटो काढून आपल्या आईला पाठवला. या मोसमात तिचं नाव कुठंच आलं नव्हतं. आता उद्याच्या सामन्याचं पान किती वाजता येणार, असं पोरी विचारून राहिल्या होत्या.

“कायले मिटवता?” टीना म्हणाली. “नागपूरवाल्याले मी नाही म्हणून सांगतलं. पान तुमचंच.”

फोन बंद झाला. केवलरामला डोळे पुसावेसे वाटले, पण इतक्या माणसांत ते बरं दिसलं नसतं. रांगेतल्या गीताबाईनं मान पुढं काढून विचारलं, “कोण खेळते जी तुमच्या घरचं?”

केवलरामनं स्क्रीन सगळ्यांकडं वळवली. आधी मंजू दाखवली, मग बाकीच्या, मग रीता, कोणालाही न गाळता. बोट खाली, अगदी शेवटच्या ओळीवर नेऊन ठेवलं.

“ही,” तो म्हणाला. “माही पोरगी हाय.” आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाला, की समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्यानं फिरतं चाक हातानं थांबवून वर पाहिलं.