कुझे सरांच्या शिक्क्याखाली

कमळाच्या बीपाशी आल्यावर इसोगाईबाईंनी वाचन थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मजकूर तिथंच होता.

नोतोच्या किनाऱ्यावर मीठ पिकवणाऱ्या बायका खारं पाणी आटवायला ठेवण्याआधी त्यात कमळाचं बी टाकायच्या. बी तरंगलं, म्हणजे पाणी पुरेसं खारं; मग ते चुलीवर. बुडालं, तर ज्या सुनेनं मीठ धरायला वाळूवर समुद्राचं पाणी शिंपलं असेल, तिच्या नावानं एक चावट गाणं.

ते गाणं बाईंना एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीनं म्हणून दाखवलं होतं. बाईंनी ते कुठंही छापलं नव्हतं. वर्गात तेवढं सांगितलं होतं.

"मग? कसं आहे पुस्तक?" कुझे सर खिडकीशी बसून संत्रं सोलत होते.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "चोराचं आहे."

क्योतोतल्या त्या विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाची पद्धत जुनी होती. हस्तलिखित आलं की लेखकाचं नाव, प्रस्तावना, ऋणनिर्देश सगळं काढायचं आणि उरलेलं दोन जाणकारांकडे पाठवायचं. जाणकाराला लेखक कळू द्यायचा नाही, लेखकाला जाणकार. त्यांच्या अभिप्रायांवर प्राध्यापकांची समिती निर्णय घेणार.

हे बाड कुझे सरांकडे आलं होतं. सरांना आता अक्षर दिसत नसे. पण दिसत होतं तेव्हाही अभिप्राय बाईच लिहायच्या. खाली सहीच्या जागी शिक्का सरांचा. बाई त्यांच्या हाताखाली सहायक म्हणून लागल्या तेव्हापासूनची ही दोघांतली गोष्ट, तिसऱ्याला ठाऊक नव्हती.

अशी कितीतरी पुस्तकं बाईंनी मार्गी लावली. स्वतःचं एकही नाही. सासूचं दुखणं, तासिकेवरची नोकरी, यांतच वर्षं गेली. मिठाच्या बायकांवरचं एक पुस्तक माझ्या नावानं निघू दे, मग खुशाल डोळे मिटते, असं त्या म्हणायच्या.

आणि आता ते पुस्तक समोर होतं. दुसऱ्याच कुणाचं.

"प्रकाशन विभागात विचारा की कुणाचं आहे ते," सर म्हणाले.

"काय सांगून विचारू? तुमच्याऐवजी मी वाचते म्हणून?"

सर हसले. "तेही खरंच. आपण दोघंही चोरच. घ्या, संत्रं खा. गोड आहे."

बाईंनी संत्रं घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे नारुमी उभी राहिली होती.

नारुमी त्यांची जुनी विद्यार्थिनी. प्रत्येक तासाला टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून बसायची. गेल्या वर्षी आली आणि बाईंकडच्या कॅसेटही घेऊन गेली. "बुरशी धरेल हो बाई, नव्या कॅसेटवर उतरवून देते." परत दिल्याच नाहीत. मग हिवाळ्यात तिचा फोन. बाई नोतोला पहिल्यांदा कधी गेल्या? तिथला एखादा फोटो आहे का?

"कशाला गं?"

"असंच हो. आम्हा जुन्या मुलींचा मेळावा आहे." आणि उगाचच हसली होती.

बाईंनी घरी जाऊन फोन फिरवला.

"नारुमी, हल्ली काय लिहितेस?"

"मी? मी कुठली लिहायला, बाई! मुलांचे डबे भरता भरता जीव जातोय."

"प्रकाशन विभागात येणंजाणं असतं म्हणे तुझं."

पलीकडे किटली शिट्टी मारत होती. ती कुणी उतरवेना.

"कुणी... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं कुणीतरी."

"भलतंच काहीतरी! कुणीतरी चेष्टा केली असेल."

बाईंनी फोन ठेवला. खोटं बोलताना नारुमीचा आवाज नेहमीच चढायचा.

उरलेलं बाड त्यांनी दात ओठ खात वाचलं. त्यांचेच दाखले, त्यांचाच क्रम. गोष्ट ऐन रंगात आणून मध्येच थांबायची त्यांची खोडसुद्धा. इतकं त्यांचं, की त्यांचं नाव तेवढं नव्हतं.

अभिप्रायात स्वतःचं नाव घालायची सोय नव्हती. इसोगाईबाईंचा संबंध काय, असं समितीनं विचारलं असतं. म्हणून त्यांनी लिहिलं : 'सर्व सामग्री दुसऱ्या अभ्यासकाच्या अप्रकाशित व्याख्यानांतून उचललेली आहे. लेखकाने हा किनारा डोळ्यांनी पाहिलेला नाही. पुस्तक स्वीकारू नये. पुन्हा आल्यास विचारातही घेऊ नये.'

त्यांनी ते सरांना वाचून दाखवलं.

"फार कडक नाही ना झालं?"

"कमीच आहे."

कुझे सरांचा शब्द समितीत कुणी खाली पडू देत नसे. बाईंनी त्यांचा हात धरून जागेवर नेला. सरांनी लाल शिक्का दाबला.

शरद ऋतूत एका सकाळी नारुमी दारात उभी राहिली. हातात जांभळ्या कापडात बांधलेलं गाठोडं. डोळे सुजलेले. बाईंना मनातून बरं वाटलं. त्यांनी तिला आत घेतलं, चहाचं मात्र विचारलं नाही.

"बोल. काय झालं?"

"बाई, आज तुमची सत्त्याहत्तरी. या वाढदिवसाला जांभळ्या रंगाचं काहीतरी द्यायचं असतं म्हणून आणलं, पण..." तिनं गाठ सोडली.

आत कागदांचा गठ्ठा होता. सगळ्यात वर नावाचं पान. इसोगाई तोमोए.

"आम्ही मुलींनी टेप ऐकून उतरवून काढलं. तुमच्याच नावानं दिलं. म्हटलं, आज छापूनच हातात ठेवू. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा वाटलं, फुटलंच बिंग! आणि आता हे परत आलं. पुन्हा आणूही नका म्हणतात." नारुमीनं बाहीनं डोळे पुसले. "तुम्ही तो किनारा पाहिलाच नाही, असं लिहिलंय मेल्यानं! कोण हो हा, बाई, तुमच्यावर जन्माचा डूख धरून बसलेला?"