कलेक्टरची लाईन

नवा जिल्हा झाला आणि वीज बोर्डानं कलेक्टरच्या बंगल्याची लाईन औसा रोडवर नेमकी चंद्रप्पाच्या दारावरून नेली. दुष्काळात साऱ्या गल्लीची लाईट दिवसदिवस जायची. त्या लाईनवर जोडलेल्या चंद्रप्पाची तेवढी राहायची. समोरच राहणाऱ्या चुलतभावाच्या, मन्मथच्या पोटात दुखायला लागलं. "त्याच्या घरचं पाणीबी मला चालायचं न्हाई!" म्हणत त्यानं बोर्डाच्या ऑफिसात महिनाभर खेटे घातले. शेवटी बोर्डानं चंद्रप्पालाही गल्लीच्याच लाईनवर टाकलं. त्याचा पंखा थांबलेला बघून मन्मथचा जीव गार झाला. त्यानं बायकोला तांब्याभर पाणी मागितलं.

रत्नम्मानं रिकामी घागर त्याच्यापुढं आदळली. "लाईटच न्हाई, तर भावजींच्या बोरची मोटार कशी चालंल? उन्हाळाभर तिथलंच तर पेलात तुमी!"